गाडी किती देते?

कुणाच्याही घरची दावत असो, जेवण उरकून माणसे बाहेर येतात, बडीशेप तोंडात टाकतात आणि गाड्या लावलेल्या असतात तिथे घोळका जमतो. दोन-चार मिनिटांत ठरलेला प्रश्न येतोच, "काय, गाडी किती देते?"

दोन वर्षे आमचे उत्तर ठरलेले होते. "अठरा आरामात. हायवेला एकोणीसही दिलेत." समोरचा "माशाअल्लाह" म्हणायचा आणि आम्ही जणू गाडी स्वतःच्या हातांनी बनवली असावी तसे खूश व्हायचो.

हा अठराचा आकडा कुठून आला, ते आता सांगून टाकतो. गाडी घेतली त्याच वर्षी एकदा गावाहून, म्हणजे खेडच्या पुढून, रात्री उशिरा मुंब्र्याला परत निघालो होतो. गाडीत आम्ही दोघेच, सामान नाही, काचा थोड्या खाली, एसी बंद, रस्ता मोकळा. खेड सोडताना समोरच्या पडद्यावरचा मीटर शून्यावर आणला होता. महाडजवळ चहाला थांबलो तेव्हा पडद्यावर १८.६ दिसत होते. त्याचा फोटोही काढला. पुढे पनवेल आले, कळंबोली आली, ट्रकांच्या रांगा लागल्या, आकडा खाली खाली गेला. त्याचा फोटो मात्र आम्ही काढला नाही.

तेव्हापासून आमची गाडी अठरा 'देऊ' लागली.

गेल्या वर्षी भाचा घरी आला. आपाचा थोरला. दुल्हेभाईंचे डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. रिक्षात बसताना वाकावे लागते, उतरताना पाय लटपटतात, आणि डायलिसिस झाल्यावर तर अंगात त्राण राहत नाही. आमच्या गाडीची सीट जरा उंच, थेट कमरेच्या पातळीला. त्यात त्यांना बसवायला सोपे जायचे, हे त्याने पाहिले होते. तसलीच जुनी गाडी एका ठिकाणी मिळत होती. पोरगा हिशेबी. वही-पेन घेऊनच बसला.

"मामू, खरं सांगा, किती देते?"

"अठरा," आम्ही म्हणालो. "डोळे झाकून धर."

त्याने डोळे झाकून धरले. महिन्याला साधारण हजार किलोमीटर. त्यातले साडेतीनशेच्या आसपास दवाखान्याच्या फेऱ्या, उरलेले तळोज्याला कारखान्यात जाण्या-येण्याचे. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याचा खर्च ५,८०० रुपयांच्या आत. तेवढे जमत होते. गाडीच्या किमतीत जे कमी पडत होते ते आम्ही आणि त्याच्या चाचांनी मिळून उसने दिले. बिनव्याजी, पण लिहून-सवरून. दरमहा आमचे तीन हजार आणि चाचांचे तीन हजार, असे फेडायचे ठरले.

पहिला हप्ता आला. दुसरा अर्धा आला. तिसरा आलाच नाही. पोरगा फोन उचलेनासा झाला. खरे सांगायचे तर आमच्या मनात नको ते आले. गाडी आली म्हणून मित्रांना घेऊन भटकत असेल, हॉटेलात जात असेल, असे आम्ही आपसात बोललोही. आपाच्या कानावर ते कुणीतरी घातले. त्यानंतर एका संध्याकाळी तो आला, सलाम केला, आणि एक कागद पुढे ठेवला. पेट्रोल पंपाच्या पावत्या तारखेवार चिकटवलेल्या होत्या. खाली बेरीज. महिन्याला हजार किलोमीटर आणि ९,६०० रुपयांचे पेट्रोल. लिटरला पडले १०.८.

"मामू, माझी गाडी खराब आहे की मला चालवता येत नाही? तुमची अठरा देते ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते, कारण आमची गाडी किती देते हे आम्ही कधी मोजलेच नव्हते. दर महिन्याला त्याचे ३,८०० रुपये जास्त जात होते. आमच्या एका शेखीपायी त्याचे अंदाजपत्रक कोसळले होते, आणि वर आम्हीच त्याच्यावर संशय घेतला होता.

त्या जानेवारीपासून आम्ही वही घातली. आजचे हे सदर त्या वहीवरच आहे.

आधी कंपनीच्या आकड्याबद्दल. आमच्या गाडीच्या कागदावर लिटरला वीसच्या आसपास लिहिले आहे. तो आकडा खोटा नाही. तो एका ठराविक परीक्षेतला आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत ही चाचणी होते. गाडी रस्त्यावर जातच नाही. बंद खोलीत चाके रोलरवर ठेवतात, चाके फिरतात आणि गाडी जागेवर उभी असते. कधी वेग वाढवायचा, कधी कमी करायचा, किती वेळ थांबायचे, हे सगळे सेकंदासेकंदाला ठरलेले. आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली ही चाचणी वीस मिनिटांच्या आत संपते, अंतर दहा-अकरा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९० आणि सरासरी वेग तीसच्या थोडा वर. एसी बंद. सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंवरून किती इंधन जळले ते काढतात.

त्या खोलीत ना शिळफाट्याची कोंडी आहे, ना स्पीडब्रेकर, ना चढ, ना मागच्या सीटवर तीन माणसे. मग त्या आकड्याचा उपयोग काय? उपयोग आहे. सगळ्या गाड्यांचा पेपर एकच असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करता येते. एक वीस आणि दुसरी सतरा असेल, तर पहिली बहुधा रस्त्यावरही कमी पिईल. पण त्या आकड्याने घरखर्च आखायचा नसतो. आम्ही तर तोही नाही, स्वतःचा फोटोतला आकडा भाच्याला दिला होता.

दुसरी गोष्ट गाडीच्या जातीची. हल्ली जिला क्रॉसओव्हर किंवा छोटी एसयूव्ही म्हणतात, ती बहुतेक वेळा आतून साध्या कारच्याच सांगाड्यावर बांधलेली असते. फक्त उंची वाढवलेली, टायर रुंद, वजन थोडे जास्त. उंचीचा फायदा म्हातारी माणसे, गुडघेदुखीवाले आणि गावचे खड्डे या तिघांना मिळतो. पण उंच गाडीला हवेची भिंतही मोठी भेदावी लागते आणि जास्त वजन दर सिग्नलला नव्याने ढकलावे लागते. तेच इंजिन खुज्या कारमध्ये बसवले तर दोन-तीन किलोमीटर जास्त देईल. म्हणजे दुल्हेभाईंना सुखाने बसता येते त्याचे दाम पेट्रोलमध्ये द्यावे लागते. द्यायला हरकत नाही, पण किती द्यावे लागते ते आधी ठाऊक हवे.

आता मोजायचे कसे? पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आमच्या पडद्याने जानेवारीत १२ दाखवले, वहीत निघाले ११.२. प्रत्येक गाडीत हा फरक वेगळा, पण आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी पडताळून पाहिले त्यांचा पडदा थोडा उदारच निघाला.

खात्रीची रीत जुनीच आहे. पंपावर टाकी फुल करायची आणि नळी आपोआप पहिल्यांदा बंद झाली की तिथेच थांबायचे. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का?" विचारतो, त्याला नको म्हणायचे. ट्रिप मीटर शून्य करायचा. मग नेहमीसारखी गाडी वापरायची. टाकी पाव उरली की शक्यतो त्याच पंपावर जाऊन तशीच पहिल्या कटपर्यंत भरायची. पावतीवर जेवढे लिटर आले तेवढे आपण जाळले. ट्रिप मीटरवरचे किलोमीटर भागिले ते लिटर, झाले उत्तर. रुपयांत पेट्रोल टाकणाऱ्याला, म्हणजे "पाचशेचं टाक" म्हणणाऱ्याला, हे उत्तर कधीच मिळत नाही. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते. ते मागून तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

आमच्या वहीतली पाच पाने अशी आहेत.

जानेवारी. शाळा, बाजार, स्टेशन, दोन वेळा ठाणे. ४१२ किलोमीटर, ३६.८ लिटर. पडले ११.२.

रमजान. सगळ्या छोट्या फेऱ्या. इफ्तारच्या आधी फळे आणायला, तरावीहला अब्बांना सोडायला, मग रात्री ईदच्या खरेदीला. ३३८ किलोमीटर, ३५.२ लिटर. पडले ९.६.

ईदनंतर गाव. पाच माणसे, डिकी भरलेली, एसी चालू, वेग ऐंशीच्या आत. जाऊन-येऊन गावातल्या फेऱ्यांसह ४६८ किलोमीटर, २७.१ लिटर. पडले १७.३.

मे महिना, पुन्हा गाव. येताना टपावर कॅरिअर, त्यावर आंब्याच्या पेट्या, फणस आणि तांदळाचे पोते. शाळेतल्या मुलाखतीला वेळेवर पोहोचायचे म्हणून जिथे रस्ता मिळाला तिथे वेग शंभर. ४५२ किलोमीटर, ३१.६ लिटर. पडले १४.३.

जुलै. पाऊस, पाणी साचलेले, रोजची शाळा. ३९६ किलोमीटर, ३५ लिटर. पडले ११.३.

यात एक गंमत आहे, जी आम्हाला शाळेत जाणाऱ्या मुलीने दाखवली. आम्ही पाची आकड्यांची बेरीज करून पाचाने भागले आणि १२.७ म्हणालो. ती म्हणाली, "असं नाही चालत. सगळे किलोमीटर एका बाजूला, सगळे लिटर एका बाजूला." २,०६६ भागिले १६५.७. उत्तर साडेबाराच्या किंचित खाली. इथे फरक थोडा आला, पण तो नेहमी थोडाच असतो असे नाही. गाडीने शंभर किलोमीटर वीसने काढले आणि पुढचे शंभर दहाने, तर सरासरी पंधरा नव्हे. पहिल्या शंभराला पाच लिटर, दुसऱ्याला दहा. दोनशे भागिले पंधरा, म्हणजे १३.३. वाईट रस्ता सरासरीला चांगल्या रस्त्यापेक्षा जास्त खाली ओढतो. म्हणूनच "हायवेला अठरा, गावात बारा, म्हणजे पंधरा धर" हा आपला लाडका हिशेब खिसा फसवतो.

आता कारणांकडे. सर्वांत मोठा चोर म्हणजे उभी गाडी. इंजिन चालू आणि चाक स्थिर असेल तेव्हा अ‍ॅव्हरेज शून्य असते. एसी लावून तासभर उभी राहिलेली मध्यम इंजिनाची पेट्रोल गाडी पाऊण-एक लिटर सहज पिते. छोटी फेरी हा त्याचा भाऊ. थंड इंजिन गरम होईपर्यंत जास्त पेट्रोल मागते आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ते नीट गरम होण्याआधीच आपण किल्ली काढतो. रमजानच्या पानावर ९.६ आले ते यामुळेच.

मग वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलो तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. त्यात टपावर पेट्या बांधल्या की आधीच उंच असलेली गाडी आणखी उंच आणि ओबडधोबड होते. आमच्या दोन गावच्या सफरींत तीन किलोमीटरचा फरक पडला, त्यात वेगाचा वाटा किती आणि कॅरिअरचा किती हे आम्हाला वेगळे काढता येणार नाही. पण दोन्ही मिळून साडेचारशे किलोमीटरमागे साडेपाच लिटर, म्हणजे पावणेसहाशे रुपये गेले. वेळ किती वाचला? रस्त्याची कामे आणि वळणे धरून अर्धा तासही नाही. रिकामे कॅरिअर मात्र पुढे तीन आठवडे टपावर तसेच होते. ते काढायला दहा मिनिटे लागतात.

टायरची हवा ही सर्वांत स्वस्त दवा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. एकट्यासाठी वेगळी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळी, असे दोन आकडेही असतात. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी घराजवळच्या पंपावर, ती तपासावी. हवा कमी म्हणून अ‍ॅव्हरेज थोडेच कमी होते, पण टायरही लवकर झिजतो आणि हायवेवर धोका वाढतो.

इथेनॉलबद्दल अनेक जण विचारतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लिटरला लिटर मोजले तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. सरकारी कागदांत याचा परिणाम त्यासाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि जुन्या गाड्यांत ६ टक्क्यांपर्यंत सांगितला आहे. लोकांची तक्रार त्याहून मोठ्या फटक्याची असते. आमच्यापाशी आधीची वहीच नसल्याने आमच्या गाडीत नेमके किती कमी झाले हे आम्ही सांगू शकत नाही. पण सहा टक्के धरले तरी बारावर पाऊण किलोमीटर जाते. अठराचे अकरा त्यामुळे होत नाहीत. ते कोंडीमुळे होतात, आणि आमच्यासारख्यांच्या जिभेमुळे.

भाच्याकडे परत येऊ. त्याची गाडी आम्ही एक आठवडा चालवून पाहिली. गाडीत काही दोष नव्हता. पोराच्या हातातही नव्हता. सकाळी शिळफाट्याहून चौदा किलोमीटर दवाखाना, पाऊण तास रखडत. डायलिसिसनंतर दुल्हेभाईंना घाम फुटतो म्हणून तो त्यांना आणायच्या आधी वीस मिनिटे एसी लावून गाडी थंड करून ठेवायचा. टायरमध्ये हवा बरीच कमी होती. डिकीत आधीच्या मालकाची दोन लोखंडी पेट्यांची हत्यारे तशीच पडलेली.

हवा भरली, हत्यारे उतरवली. गाडी सावलीत लावून निघायच्या आधी पाच मिनिटेच एसी, असे ठरले. एसी पूर्ण बंद करायचा नाही. आजारी माणसाच्या घामातून पेट्रोल वाचवायचे नसते. एवढे करून १०.८ चे ११.६ झाले. अठरा झाले नाहीत आणि कधी होणारही नाहीत.

खरी बचत दुसरीकडूनच आली. त्याची जुनी मोटारसायकल धाकट्या भावाकडे धूळ खात होती. टाकी फुल करून तीही मोजली, ४५ निघाले. दुपारच्या पाळीला तळोज्याला जायला त्याने ती काढली. आता गाडी फक्त दुल्हेभाईंसाठी आणि घरच्या कामासाठी, महिन्याला चारशे किलोमीटर. गाडीचे पेट्रोल ३,६०० रुपये, मोटारसायकलचे दीड हजार. मिळून ५,१००. त्याने पहिल्यांदा वहीत मांडले होते त्यापेक्षाही कमी. पावसाळ्यात भिजतो, ते वेगळे. रेनकोट आम्ही घेऊन दिला.

आणि हप्ता? आमचा तीन हजारांचा हप्ता आम्ही दीड हजार केला, मुदत दुप्पट केली. चाचांनाही सगळा हिशेब दाखवला, तेही राजी झाले. आपाकडे जाऊन माफी मागितली. तिने चहा केला आणि म्हणाली, "पोराला विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं." त्यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

गेल्या महिन्यात कल्याणला एका निकाहात पुन्हा तोच घोळका, तोच प्रश्न. आता आमचे उत्तर जरा लांब झाले आहे. "शाळा-बाजारात अकरा. रमजानात दहाच्याही खाली. गावाला, ऐंशीच्या वेगाने, सतरा. वर्षाचं धरायचं असेल तर साडेबारा धरा." एक साहेब हसून म्हणाले, "एवढी कमी? माझी वीस देते." आम्ही विचारले, "टाकी फुल करून मोजलंय?" ते म्हणाले, "पडद्यावर दिसतं ना."

त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगा उभा होता. त्याने खिशातून फोन काढला आणि आमचे आकडे लिहून घेतले. बहुधा त्याला गाडी घ्यायची असावी.

वाचकहो, पुढच्या वेळी पंपावर जाल तेव्हा टाकी फुल करा आणि मीटर शून्य करा. सलग तीन टाक्या लिहून ठेवा. तुमची गाडी, माणसे किती, रस्ता कुठला आणि आकडा काय, हे आम्हाला पत्राने कळवा. चांगला आकडा हवा असे नाही. मोजलेला हवा.